सरकारच्या बजेटला मुदत कोण घालणार?



२६ जानेवारीची ग्रामसभा तोंडावर आली आहे. झेंडा होईल, लेकरांना बिस्किटं वाटली जातील, मग सचिव रजिस्टर काढतील आणि आपण कामांची यादी सांगू. बोडी खोल करा, रपटा बांधा, वनहक्क मिळालेल्या बांध्यांना धुरे घाला, हातपंप दुरुस्त करा. बहुतेक गावांत ही यादी मागच्या वर्षीचीच असते, फक्त वरची तारीख बदलते.

या वेळी यादीच्या आधी एक वेगळी गोष्ट बोलावी म्हणून आम्ही हे लिहितो आहोत. पैसा किती येतो याबद्दल आपण नेहमी भांडतो. पैसा कधी येतो याबद्दल भांडत नाही. आणि आपलं अर्धं नुकसान त्या "कधी" मध्येच आहे.

आधी आपल्या भागात घडलेली एक गोष्ट. गावाचं नाव घेत नाही, कार्यालयाचंही नाही, कारण ही कोणत्याही गावाची गोष्ट होऊ शकते. बोडी खोल करायचा ठराव झाला. आमचे दोन कार्यकर्ते त्या ठरावाची नक्कल घेऊन वर्षभर एका कार्यालयात जात राहिले. "फंड नाई", "साहेब मिटिंगमध्ये हायेत", "पुढच्या हप्त्यात या". मग मार्चच्या शेवटच्या आठवड्यात तिकडूनच फोन आला की आजच्या आज कागद घेऊन या, पैसा परत चालला. कागद दिले, मंजुरी निघाली. मस्टर सुरू व्हायला मे उजाडला. मे म्हणजे तेंदूचा हंगाम, सगळं गाव पहाटेपासून जंगलात. खोदायला माणूस नाही. जूनमध्ये पाणी पडलं आणि अर्धी खोदलेली बोडी गाळाने भरली. कागदावर पैसा खर्च झाला. बांधीला पाणी आलं नाही. गावातली म्हातारी म्हणाली, "सरकारले पाऊस कवा येते हे बी माहीत नाई का?"

सरकारला माहीत आहे. पण सरकारचं वर्ष १ एप्रिलला सुरू होऊन ३१ मार्चला संपतं आणि आपलं वर्ष तसं चालत नाही. मार्च-एप्रिल मोहफूल, मे महिन्यात तेंदू, जूनमध्ये पेरणी, जुलैमध्ये रोवणी, दिवाळीनंतर धान कापणी. हाताला काम पाहिजे असतं ते कापणीनंतर, डिसेंबर ते मार्च. जमीन खोदण्यासारखी असते तीही तेव्हाच. म्हणजे त्या महिन्यांत काम सुरू व्हायचं असेल तर मंजुरी आणि पैसा दिवाळीच्या आत गावाजवळ पोचला पाहिजे. आणि नेमका त्याच महिन्यांत पैसा वरच्या टेबलावर बसलेला असतो.

आता २०२४ चंच वर्ष पाहा. २७ फेब्रुवारीला विधानसभेत अंतरिम बजेट मांडलं, म्हणजे पहिल्या चार महिन्यांचं लेखानुदान. १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. आपल्या चंद्रपूर आणि गडचिरोली-चिमूर मतदारसंघांत १९ एप्रिललाच मतदान उरकलं, तरी आचारसंहिता ६ जूनपर्यंत होती आणि नवीन काम मंजूर होत नव्हतं. पूर्ण बजेट आलं २८ जूनला. तोवर आपल्याकडे नांगर चालू झाले होते. मग चार महिने पाऊस. १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली, ती नोव्हेंबरच्या शेवटाकडे उठली. मग जानेवारी आला. ३१ मार्चला वर्ष संपणार होतं. बारा महिन्यांच्या बजेटातले गावात काम करण्यासारखे किती महिने उरले ते बोटांवर मोजा. एक हात पुरतो.

कोणी म्हणेल निवडणुकीचं वर्ष होतं, दरवर्षी असं नसतं. खरं आहे. २०१९ सालीही निवडणूक होती आणि तेव्हाही तसंच झालं होतं: फेब्रुवारीत अंतरिम, पूर्ण बजेट १८ जूनला. बाकीच्या वर्षी बजेट मार्चमध्ये येतं. पण मार्चमध्ये मुंबईत मांडलेला पैसा आपल्यापर्यंत यायला किती पायऱ्या उतरतो? वित्त विभाग, आदिवासी विकास विभाग, जिल्हा नियोजन समिती, प्रकल्प कार्यालय, मग प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, कार्यादेश. प्रत्येक पायरीवर तो किती दिवस थांबू शकतो याला गावाने धरावी अशी तारीख नाही. एकच तारीख पक्की आहे, ३१ मार्च. त्या दिवशी न खर्चलेला पैसा परत जातो.

म्हणजे मुदत नाहीच असं नाही. मुदत आहे, पण ती शेपटीला बांधलेली आहे, तोंडाला नाही. पैसा द्यायला मुदत नाही, संपवायला आहे. म्हणूनच मार्च महिन्यात रात्री दिवे लावून बिलं निघतात, आणि थंडीचे स्वेटर उन्हाळ्यात वाटले जातात. हे ऐकीव नाही. आमच्यापैकी काही जण आश्रमशाळेत शिकलो, तो स्वेटर आम्ही कडक उन्हात हातात घेतला आहे.

संविधानात काय लिहिलं आहे? कलम २०२ सांगतं की राज्यपालांनी दरवर्षी राज्याच्या जमाखर्चाचं विवरणपत्र विधिमंडळापुढे ठेवायला लावावं. कोणत्या तारखेला, ते लिहिलेलं नाही. वेळेत पूर्ण बजेट मंजूर झालं नाही तर कलम २०६ खाली लेखानुदान घ्यायची सोय आहे. सरकारची अडचण होऊ नये म्हणून वाट ठेवली आहे. गावाची अडचण होऊ नये म्हणून वाट कुठे आहे?

याच प्रश्नावर जगात एका ठिकाणी लोकांनी मतदान केलं, ते समजून घेण्यासारखं आहे. अमेरिकेतलं कॅलिफोर्निया हे राज्य. फार श्रीमंत. पण तिथे बजेट दरवर्षी रखडायचं. २००९ साली तर सरकारने लोकांना पैशांऐवजी "नंतर देऊ" अशा चिठ्ठ्या दिल्या. २०१० साली बजेट १०० दिवस उशिरा झालं. तिथे सामान्य मतदाराला थेट कायद्याच्या प्रश्नावर मत देता येतं. नोव्हेंबर २०१० मध्ये २५ नंबरचा प्रस्ताव मतपत्रिकेवर आला. बजेट मंजूर करायला दोन तृतीयांश मतं लागत होती, ती अट काढून साधं बहुमत ठेवा. आणि १५ जूनपर्यंत आमदारांनी बजेट मंजूर केलं नाही तर उशिराच्या प्रत्येक दिवसाचा त्यांचा पगार आणि भत्ता कापा, तो नंतरही परत देऊ नका. लोकांनी प्रस्ताव मंजूर केला.

पुढच्याच वर्षी, २०११ मध्ये, हिशेब पाहणाऱ्या अधिकाऱ्याने खरंच बारा दिवसांचा पगार रोखला. आपल्या गावात ही गोष्ट सांगितली तेव्हा चावडीवर टाळ्याच पडल्या. पण गोष्ट इथे संपत नाही. आमदार कोर्टात गेले. कोर्टाने सांगितलं की विधिमंडळाने मंजूर केलेलं बजेट जमाखर्च जुळणारं आहे की नाही हे ठरवून पगार रोखायचा अधिकार त्या अधिकाऱ्याला नाही. तेव्हापासून तिथे बजेट १५ जूनच्या आत मंजूर होतं, पण पुष्कळ गोष्टी नंतरच्या जोड-विधेयकांत ठरतात. तारीख पाळली जाते, काम मागाहून होतं.

यातून आम्ही दोन गोष्टी शिकलो. एक, मुदत घालता येते, आणि मुदत मोडणाऱ्याच्या खिशाला झळ बसली की ती पाळलीही जाते. दुसरी, नुसती तारीख पुरत नाही. तारखेला काय पूर्ण झालं पाहिजे हे नीट लिहावं लागतं, नाहीतर कागद वेळेवर येतो आणि बोडी कोरडीच राहते.

आपल्याकडे बजेटवर लोकांचं मतदान नाही. आपण आमदार निवडतो, बाकी ते पाहतात. पण प्रश्नावर मत देणं आपल्याला नवीन नाही. महाराष्ट्रात बायांनी मतपत्रिकेवर आडव्या बाटलीवर शिक्का मारून दारूची दुकानं बंद केली आहेत. ओडिशात २०१३ साली सुप्रीम कोर्टाच्या आदेशावरून नियमगिरीच्या बारा ग्रामसभा बसल्या आणि बाराच्या बारांनी बॉक्साइटच्या खाणीला नाही म्हटलं. गडचिरोलीत मेंढा-लेखाने सामूहिक वनहक्क मिळवला आणि २०११ मध्ये आपल्या बांबूची वाहतूक परवान्याची पुस्तकं आपल्या हातात घेतली. आपल्याच जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातलं पाचगाव बांबू स्वतः विकतं. ग्रामसभा हीच आपली मतपेटी आहे. तिच्या ठरावाने सरकारचं बजेट एका दिवसात बदलत नाही हे आम्हाला माहीत आहे. पण शंभर गावांनी एकाच तारखेला एकच ठराव केला तर तो फायलीत दबून राहत नाही.

आता मुदत कोणाला आहे आणि कोणाला नाही, तेही पाहू. वनहक्काचे दावे मागवले की तीन महिन्यांत दावा टाका (ग्रामसभेला ती मुदत वाढवता येते, हे लक्षात ठेवा). ग्रामसभेचा निर्णय मान्य नसेल तर साठ दिवसांत अपील करा. ही मुदत आपल्याला आहे. पण उपविभागीय समितीने, जिल्हा समितीने दावा किती दिवसांत निकाली काढावा, अशी मुदत त्यांना नियमांत नाही. आपल्या किती लोकांचे दावे वर्षानुवर्षं तिथे पडून आहेत ते ज्याने त्याने आठवावं. ताडोबाच्या बफरमधल्या गावांना तर हे वेगळं सांगायला नको.

रोजगार हमीत मुदत दोघांनाही आहे: काम केल्यावर पंधरा दिवसांत मजुरी. उशीर झाला तर सोळाव्या दिवसापासून रोज ०.०५ टक्के भरपाई. २०२४-२५ मध्ये मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. सहा दिवसांचे झाले १,७८२ रुपये. त्यावर एका दिवसाच्या उशिराची भरपाई होते ८९ पैसे. इतक्या दंडाने कोण घाबरेल? मोहर्लीवरून भद्रावतीला बँकेत एक खेप मारली तर तिकिटालाच त्याच्या कितीतरी पट जातात.

आणि खावटी विसरलो नाही ना? पावसाळ्यात घरात दाणा नसतो, म्हणून खावटी. कोरोनाच्या काळात सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये निर्णय काढला: कुटुंबाला चार हजार रुपये, दोन हजार खात्यात आणि दोन हजारांचं धान्य-किराणा. निर्णयच पावसाळा सरताना निघाला. किराण्याचं वाटप पुढच्या साली, २०२१ मध्ये झालं. एका पावसाळ्याची भूक दुसऱ्या पावसाळ्याने भागवली.

सरकारचं म्हणणं असतं की यंत्रणा मोठी आहे, वेळ लागतो. पण २०२४ मध्येच आपण उलटं पाहिलं. २८ जूनच्या बजेटात लाडकी बहीण योजना आली आणि ऑगस्टच्या मध्यापर्यंत, दीड महिन्यात, बायांच्या खात्यात पहिले पैसे पडले. आपल्याही घरात आले, आणि ते आले ते चांगलंच झालं. त्याच बजेटाला पंधरा दिवसही झाले नव्हते तेव्हा सरकारने सुमारे ९४ हजार ८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या मांडल्या. म्हणजे मनात आणलं तर वित्त विभाग रात्रीतून हलतो, फायली पळतात, खाती शोधली जातात. मग आदिवासी उपयोजनेच्या बोडीलाच वर्ष का लागतं? वेळ लागतो म्हणून उशीर होतो हे खरं नाही. मतदानाची तारीख जवळ होती, तिने मुदत घातली. आपल्याला हवी ती मुदत अशी पाहिजे, जी निवडणूक नसतानाही लागू राहील.

आपल्या वाट्याचा पैसा ही काही मेहरबानी नाही. सुकथनकर समितीच्या शिफारशीवरून १९९३-९४ पासून महाराष्ट्राने ठरवलं की राज्याच्या योजनेतला ९ टक्के पैसा आदिवासी उपयोजनेला ठेवायचा, कारण लोकसंख्येत आपला वाटा तेवढा. २०११ च्या जनगणनेत तो ९.३५ टक्के निघाला. २१ एप्रिल २०१५ च्या निर्णयाने पेसा क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना उपयोजनेतले ५ टक्के थेट मिळायला लागले. गडचिरोलीच्या, राजुरा-जिवतीकडच्या वाचकांना हे माहीत आहे. आमच्या मोहर्लीला ते नाही, कारण भद्रावती तालुका अनुसूचित क्षेत्रात धरलेला नाही. इथे गोंड आहेत, जंगल आहे, वाघही आहे, पण पाचवी अनुसूची नाही. त्यामुळे आम्हाला प्रत्येक रुपयासाठी वरच्या पायऱ्यांकडेच पाहावं लागतं. ज्यांना थेट पैसा मिळतो त्या गावांनी या मागणीत आमच्यासोबत राहावं, ही विनंती आहे.

सिरोंच्याच्या पलीकडे नदी ओलांडली की तेलंगणा. तिथे २०१७ साली अनुसूचित जाती-जमातींच्या विशेष विकास निधीचा कायदा झाला. वर्षात खर्च न झालेल्या रकमेची भरपाई पुढच्या वर्षी त्याच निधीत करायची, असं त्या कायद्यात आहे. तसा कायदा इकडे आला तर ३१ मार्चची भीती जाईल, आणि मार्चमध्ये घाईने लावलेली निकृष्ट बिलंही कमी होतील. नदीच्या एका काठाला जमतं ते दुसऱ्या काठाला का जमू नये?

दिरंगाईवर कायदे महाराष्ट्रातही आहेत. २००५ चा बदल्यांचा आणि दिरंगाईचा कायदा, ज्याला लोक दफ्तर दिरंगाई कायदा म्हणतात, तो सांगतो की कर्मचाऱ्याच्या टेबलावर फाईल कामकाजाच्या सात दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात दाखला वेळेत न देणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड आहे. जातीचा दाखला मागताना आपण हे कायदे सांगतो. तोच नियम गावाच्या पैशाला का लावू नये, एवढंच आपलं विचारणं आहे.

आता घरचं बोलू. फक्त सरकारकडे बोट दाखवून चालणार नाही. पुढच्या वर्षीचे आकडे मुंबईत हिवाळ्यातच पक्के होत जातात. आपण यादी करतो २६ जानेवारीला. आराखड्याच्या ग्रामसभा २ ऑक्टोबरपासून घ्यायच्या असतात, पण तेव्हा आपण धानाच्या राखणीला असतो, कोरम भरत नाही, आणि सचिव घरोघरी सह्या घेत फिरतात. सही करतो आपण, वाचत नाही. बाया सभेला येतात पण मागे बसतात, आणि पाण्याचं काम कुठे पाहिजे हे त्यांनाच जास्त कळतं. ठरावाची नक्कल घेऊन पोच घ्यायची राहून जाते. पोच नसली की वर्षभराने साहेब म्हणतात, "असा ठराव आलाच नाही." आपली तारीख आपण पाळली तरच दुसऱ्याची तारीख विचारायला तोंड राहतं.

म्हणून चार ग्रामसभा आणि चार प्रश्न असं घड्याळ आम्ही सुचवतो. १ मे: या वर्षी आपल्या गावासाठी कोणत्या योजनेत किती रुपये ठेवले, ते आकड्यात सांगा. १५ ऑगस्ट: कोणत्या कामाला मंजुरी मिळाली, कोणत्या नाही, का नाही. २ ऑक्टोबर: पुढच्या वर्षीची आपली यादी, बायांच्या सभेतून आलेली, क्रम लावून. २६ जानेवारी: काम कुठवर आलं, पैसा किती आला, किती परत जाण्याच्या वाटेवर आहे. उत्तर फळ्यावर लिहा. ज्याला वाचता येत नाही त्याला शाळेतलं पोर वाचून दाखवेल.

आणि या २६ जानेवारीला हा ठराव घ्या. आपल्या बोलीत बदल करा, पण मुद्दे सोडू नका.

"आमची ग्रामसभा ठराव करते की, राज्य सरकारने दरवर्षीचं पूर्ण बजेट ३१ मार्चच्या आत मंजूर करावं. निवडणुकीच्या वर्षी लेखानुदान घेतलं तर त्यात आदिवासी उपयोजनेची चालू कामं थांबू नयेत. उपयोजनेतला गावाच्या वाट्याचा पैसा ३० जूनपर्यंत प्रकल्प कार्यालयाला आणि मंजुरी ३० सप्टेंबरपर्यंत गावाला मिळावी, म्हणजे कापणीनंतर काम सुरू होईल. मंजुरी नाकारली तर कारण लेखी द्यावं. खर्च न झालेली रक्कम परत न नेता पुढच्या वर्षी त्याच गावासाठी ठेवावी. या तारखा पाळल्या नाहीत तर जबाबदार अधिकाऱ्यावर दंड बसावा, आणि या सगळ्याचा कायदा करावा."

ठरावावर सभेतच सह्या-अंगठे घ्या. तीन नकला करा. एक प्रकल्प कार्यालयात, एक जिल्हाधिकारी कार्यालयात, एक आमदारांकडे. तिन्हींची पोच घ्या, शिक्का आणि तारखेसकट, आणि पोचेची झेरॉक्स आमच्याकडे मोहर्लीला पाठवा. पुढच्या अंकात किती गावांनी ठराव केला ते आम्ही छापू, आणि कोणत्या कार्यालयाने किती दिवसांनी उत्तर दिलं तेही.

हा अंक वाचून झाला की शेजारच्या टोल्यावर द्या. एक प्रत दहा घरं फिरली पाहिजे.

जोहार! जय सेवा!